रस्ता सरळ व समतल

दुचाकीवाल्यालाही हक्क असतात, असं मी वसमतच्या एका चहाच्या हॉटेलात पहिल्यांदा बोललो, तेव्हा समोरचा माणूस बशीतला चहा सांडेपर्यंत हसला. "कालवेसाहेब, आमाला घरात हक्क न्हाईत, आन् तुमी रस्त्यावर कुठून आणून राहिले?" सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी वही घेऊन पुन्हा तिथेच जाऊन बसलो. एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की लोकांना नकोसा होईपर्यंत मी ती सोडत नाही, हा माझा जुना रोग आहे.

कालवेसाहेब हे माझं आडनाव नाही. मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. कुणाच्या शेतात पाणी पोचलं, कुणी मधेच चारी फोडली, हे बघत कालव्याच्या कडेच्या कच्च्या रस्त्यानं मोटारसायकल हाकायची, हीच माझी नोकरी. निवृत्त झालो तेव्हा मणक्याच्या दोन चकत्या सरकलेल्या होत्या आणि डावा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा. आता घरी बसा, असं बायको म्हणाली. तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, हे आता मला पटतं.

हे काम म्हणजे नेमकं काय, असं लोक विचारतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात घरटी एक मोटारसायकल असते आणि घरातलं सगळं तिच्यावरच जातं. बियाण्याची बॅग, तापानं फणफणलेलं लेकरू, डोळे तपासायला निघालेली म्हातारी, हळदीच्या गोण्या, पाहुण्यांसाठी आणलेली कोंबडी, सगळं. आणि एवढं करून रस्त्यावर तिला कुणी विचारत नाही. खड्डा चुकवताना कुणी पडलं की बातमी येते, 'ताबा सुटल्याने दुचाकीस्वार ठार'. ताबा सुटला! रस्ता सुटला होता, खडी सुटली होती, पुलाचा कठडा सुटला होता, ते कुणी लिहीत नाही. या दोन शब्दांनी माझं डोकं फिरायचं. म्हणून आम्ही चारपाच जणांनी मिळून समिती काढली. ऑफिस नाही, पगार नाही. पिशवीत एक टेप, शिक्का आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा. खड्डे मोजायचे, फोटो काढायचे, निवेदनं द्यायची, कुणी पडलं की धावत जायचं.

कुरुंद्यापासून शिरड शहापूरपर्यंत मी गावोगावी एकच पाठ शिकवत फिरलो. अपघात झाला की आधी माणूस उचला, पण गाडी हलवू नका. पोलीस आले की पंचनामा नीट लिहून घ्या. कारण पंचनाम्यात जे लिहिलं नाही ते घडलंच नाही, असं पुढं सगळे धरून चालतात. लोक माना डोलवायचे. एखादा मागून म्हणायचा, "पडल्यावर सांगा साहेब, आदी कशाला भेव घालता?"

गिऱ्हाइकं तर एकेक नमुनेदार. साखऱ्याकडचे एक मेंढपाळ मामा चालान घेऊन आले. गाडीवर ते, मागे बायको आणि दोघांच्या मधे बकरी, असं पकडलं होतं. मामा म्हणाले, "मला फकस्त एवढंच इचारून द्या साहेब, तिसरी सवारी म्हणून धरलं कुणाला? बकरीला का बायकोला?" मी खरंच विचारायला गेलो. ठाण्यातले साहेब हसले, चालान काही माफ झालं नाही. मामा मात्र खूश. "हसला ना? मंग झालं," म्हणाले.

सगळे असे हसून सुटले नाहीत. हंगामात लोक हरभरा, तूर रस्त्यावर पसरतात, वाहनांच्या चाकांखाली आपोआप मळणी होते. आणि त्याच्यावरून मोटारसायकली घसरतात. मी बोर्ड लिहून घेतले, 'जो पसरतो तोच घसरतो'. फार अभिमान होता मला त्या ओळीचा. एका बाईनं बोर्ड वाचला आणि विचारलं, "खळ्याची जागा तर भावकीच्या वाटणीत गेली, साहेब. तुमी जागा दाखवा, आत्ता उचलते." मी बोर्ड तिथंच लावला आणि निघून आलो.

आता गजाननचं सांगतो. त्याच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

गजानन शिरड शहापूरच्या बाजूचा. पहाटे उठून फुलं आणि बेलपानं गोळा करायची, गाडीला दोन्ही बाजूंनी टोपल्या बांधायच्या आणि औंढ्याला देवळाच्या वाटेवर बसणाऱ्या आपल्या बापाला नेऊन द्यायच्या, हा त्याचा धंदा. बाप बापूराव तिथं बसून फुलं विकायचे. आजाही तेच करायचा. गजानन माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान. आमच्या समितीत तोंड चालवणारे पुष्कळ होते, पाय चालवणारा हा एकटा. त्या भागातली निम्मी माणसं त्यानं जोडली. सुपारीचंही व्यसन नाही. चहासुद्धा अर्धा घ्यायचा आणि उरलेला माझ्या बशीत ओतायचा. "काका, तुमचं पोट मोठं हाय," असं वर म्हणायचा.

त्याच्या औंढ्याच्या रस्त्यावर एक फाटा आहे. गावाचं नाव लिहीत नाही. फाट्यावरून शाळेची लेकरं रस्ता ओलांडतात आणि खडीच्या मोठ्या गाड्या तिथून सुसाट जातात. एका मुलीला धक्का लागला, पाय मोडला. गावकरी आमच्याकडे आले, गतिरोधक पाहिजे. मी निवेदन लिहिलं, मग स्मरणपत्र लिहिलं, मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र लिहिलं. या रस्त्यावर गतिरोधक बसत नाही, असं उत्तर आलं. शेवटी गावानं रस्ता अडवला. बांधकाम खात्याचे एक साहेब आले, सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि जाताना हळूच म्हणाले, "तुम्हीच टाकून घ्या. मी काही बघितलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, सगळ्यात आधी मी वाजवली.

चारच दिवसांत काम झालं. कुणी सिमेंट दिलं, कुणी वाळू, कुणी मुरूम, घराघरातून माणूस आला. जागा मी टेप लावून दाखवली. नियमाप्रमाणे गतिरोधक रुंद आणि ठेंगणा पाहिजे, हे मला ठाऊक होतं. तसं मी म्हणालोही. सरपंच म्हणाले, "साहेब, अशानं खडीची हायवा गाडी थांबती का? जरा उंच घ्या." उंच घेतला. सगळं आयुष्य बांध बघण्यात गेलं माझं, आपण टाकतोय तो बांध आहे, हे मला समोर दिसत होतं. पण त्या दिवशी गावानं मला नारळ दिला होता, गळ्यात हार होता, आणि हार घातलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

राहिला पांढरा रंग. ओल्या सिमेंटवर रंग धरत नाही, आठ दिवस थांबा, असं मीच सांगितलं. तोवर खूण म्हणून बाभळीची हिरवी फांदी दोन दगडांत खोचून ठेवली. आमच्याकडे रस्ता कुठं खचला की अशीच फांदी लावतात, गाडीवाला ती बघून हळू होतो. आणखी एक पद्धत आमच्या समितीची होती. कुठं नवा खड्डा, नवा चर, नवा गतिरोधक दिसला की त्याच दिवशी ग्रुपवर फोटो टाकायचा, म्हणजे सगळ्यांना कळतं. ती पद्धत मीच पाडली होती. कुणी विसरलं तर मी त्याला चार माणसांत झापायचो.

या गतिरोधकाचा फोटो मी टाकला नाही. बाकीच्यांनाही टाकू दिला नाही. "बिगरपरवानगीचं काम आहे, फोटो म्हणजे पुरावा होतो. रंग लागू द्या, मग बघू," असं मी म्हणालो. कागदांत मुरलेला माणूस ना मी. फार हुशारी केली असं वाटलं मला त्या दिवशी.

गजानन त्या आठवड्यात बहिणीकडे लग्नाला गेला होता. रविवारी परतला. सोमवारी देवळात गर्दी असते, म्हणून टोपल्या नेहमीपेक्षा जास्त भरल्या आणि उजाडायच्या सुमाराला निघाला. धुई पडली होती. बाभळीची फांदी जागेवर नव्हती. वाळलेली फांदी दिसली की चुलीला नेतात, नाहीतर बकऱ्या ओढतात, त्यात कुणाचा दोष नाही. कोणीतरी नेली असेल.

मला फोन आला तेव्हा त्याला नांदेडला नेत होते. मी फाट्यावर पोचेपर्यंत दुसरा फोन आला, वाटेतच गेला म्हणून. रस्त्यावर सगळीकडे बेलपानं आणि शेवंती. त्याची गाडी नालीपाशी पडली होती. ती कुणी हलवली नव्हती. त्यानंच शिकवलं होतं गावाला तसं.

जमादार आले. माणूस वाईट नव्हता. मला ओळखत होते. म्हणाले, "बरं झालं साहेब तुमी आलात. पंच म्हणून तुमीच ऱ्हावा, तुमाला समदं समजतं." मग गतिरोधकाकडे बघून त्यांनी विचारलं, "हे कुणी टाकलं?" गावातली माणसं एकेक करून मागं सरकली. त्यांनी बांधकामाच्या साहेबांना फोन लावला. दप्तरी असा गतिरोधक नाही, असं उत्तर आलं. सरपंच माझ्या मागं उभे होते. कानाशी लागून म्हणाले, "पन्नास घरांचे हात लागलेत साहेब. कुणाकुणाला आत घालताल? आन् पयलं नाव तर तुमचंच." जमादारांनी माझ्याकडे बघितलं. ते थांबले होते, मी काही बोलतो का म्हणून. जन्मभर बोलत आलेला मी माणूस. त्या वेळी माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही.

"मंग मी लिहितो, रस्ता सरळ व समतल," जमादार म्हणाले. आम्ही तिघंही त्या वेळी त्या उंचवट्यावरच उभे होतो.

कागद माझ्या हातात आला. मी तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला आणि पंच क्रमांक दोन म्हणून सही केली. दुपारच्या आत गावानं जेसीबी लावून गतिरोधक उखडून टाकला. मग रस्ता खरंच समतल झाला.

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी. दुचाकीवाला एकटाच पडून मेला आणि दुसऱ्या कुणाची चूक कागदावर आली नाही, तर गुन्हा मेलेल्यावरच दाखल होतो. हयगयीनं गाडी चालवून स्वतःच्या मरणाला कारण झाला, असा. अशा बातम्या मी पुष्कळ वाचल्या होत्या, त्यांच्यावर भाषणंही ठोकली होती. यावेळी त्या कागदावर आरोपी म्हणून गजाननचं नाव आलं.

पंधरा दिवसांनी त्याची बायको सुनीता माझ्या घरी आली. तिशीची असेल. सोबत पाचवीतली मुलगी. कागदांच्या नकला तिनं मिळवल्या होत्या. समोर ठेवून म्हणाली, "काका, मेलेल्या माणसाला आरोपी काहून करतेत?"

मी तिला कायदा समजावायला लागलो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "ते राहू द्या. लोक काय म्हणून राहिलेत माहीत हाय का? रस्ता नीट हुता तर पडला कसा, पिऊन असंल. पोरीला शाळेत पोरं म्हणतेत, तुझा बाप बेवडा हुता. मामंजीच्या पाटीवरची फुलं घेईना झालेत लोक. पिऊन मेलेल्याच्या घरची फुलं देवाला कशी घालायची म्हणतेत. पैसाअडका मिळंल न मिळंल, काका. पयलं ह्यांचं नाव त्या कागदावरून काढा."

काढतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

पुढचं वर्षभर मी तिच्यासाठी जेवढे अर्ज लिहिले तेवढे नोकरीतही लिहिले नसतील. धुक्याबद्दल लिहिलं. खडीच्या गाड्यांबद्दल लिहिलं. मयताच्या निर्व्यसनीपणाचे दाखले जोडले. काय एकेक अर्ज होता! भाषा अशी की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. फक्त एक गोष्ट कुठल्याच अर्जात नव्हती. माझ्या गाडीवर मागं बसून ती वसमतला, औंढ्याला, हिंगोलीला आली. मधे कागदांची पिशवी ठेवायची. प्रत्येक वेळी निघताना विचारायची, "आज काय सांगताल, काका?" आणि मी म्हणायचो, "बघू, साहेब काय विचारतात त्यावर आहे." साहेब सगळीकडे एकच विचारायचे. "बाई, रस्ता तर सरळ होता. पंचांच्या सह्या आहेत. आम्ही काय करणार?" मग मी जोरजोरात वाद घालायचो. सरकारवर, पोलिसांवर, व्यवस्थेवर तोंडसुख घ्यायचो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

हिंगोलीच्या एका मोठ्या साहेबांनी एक दिवस फाईल नीट उघडून बघितली. म्हणाले, "पंचांनाच बोलावून घ्या. ते वेगळं काही म्हणत असतील तर बघता येईल." पंचांची नावं त्यांनी वाचली नाहीत. सुनीतानं माझ्याकडे बघितलं नाही.

बाहेर आलो. बसस्टँडजवळच्या कँटीनमध्ये चहा मागवला. तो तसाच निवला. मी सगळं सांगितलं. टेप, उंची, फोटो, सही. रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचा मला अधिकार नव्हता. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती म्हणाली, "मला माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"नकला घेऊन तुमच्या घरी आले त्याच्या आदल्या दिवशीच वाचल्या हुत्या मी. आठवी शिकलेली हाय. तुमची सही समितीच्या पावतीवर हुती घरी, वळखू येती."

"मग वर्षभर बोलली काहून नाहीस पोरी?"

"बोलून काय झालं असतं? तुमी सरळ न्हाई म्हणला असता. मंग माझ्याकडं अर्ज लिहायला दुसरं हाय कोण?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "दर टायमाला वाटायचं, आज सांगतेल काका. म्हणून तर इचारायचे निघताना."

त्याच दिवशी आम्ही परत फिरलो आणि मी जबाब दिला. गावातल्या कुणाचंही नाव घेतलं नाही, फक्त माझं घेतलं. लिहून घेणारा पोरसवदा अंमलदार म्हणाला, "काका, हे वर्षापूर्वी सांगायचं होतं. आरोपी मयत म्हणून प्रकरण कवाच बंद झालंय." जबाब फाईलला लावून ठेवतो म्हणाला. माझी चौकशी होईल असं सांगितलं. ती अजून सुरू आहे, व्हायची ती होवो. पण बंद झालेल्या कागदावर गजानन अजून आरोपीच आहे. तो कागद कुणी उघडायला तयार नाही. वकिलाला विचारलं. तो म्हणाला, बघू. तेच बघू, जे मी तिला वर्षभर म्हणत होतो.

जबाबाची गोष्ट गावात कळली. सरपंचांनी माझ्याशी बोलणं टाकलं. ग्रुपमधून एकेक जण निघून गेला. शेवटी मी आणि बंद पडलेला गजाननचा नंबर एवढेच उरलो. समिती संपली. त्याचं मला दुःख आहे, पण तेवढं नाही. मुलीला शाळेत अजून बोलतात, त्याचं जास्त आहे. बापूरावांनी देवळाच्या वाटेवर बसणं सोडलं. मी भेटायला गेलो तर त्यांनी मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, आणि मी उठेपर्यंत पाठ करून रिकाम्या टोपल्या एकात एक रचत राहिले.

या अंकाच्या संपादकांनी समितीच्या कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मी नकार देणार होतो. सुनीतानं लिहायला लावलं. "ठाण्यातला कागद कुणी वाचत न्हाई, काका. दिवाळी अंक औंढ्यातले समदे मास्तर वाचतेत, देवळातले वाचतेत. तिथं छापा."

म्हणून छापतोय. त्या सोमवारी सकाळी फाट्यावर रस्ता सरळ होता, समतल नव्हता. त्याच्यावर बिनरंगाचा, बिनपाटीचा उंच गतिरोधक होता. त्याची जागा मी मोजून दिली होती आणि ती ज्याला कळवायला पाहिजे होती त्याला मी कळवली नव्हती. मयताने मद्यप्राशन केलेले नव्हते. त्याने आयुष्यात कधीही केले नव्हते. मयताची काहीही चूक नव्हती.

छापायला पाठवण्याआधी हे मी सुनीताला वाचून दाखवलं. शेवट ऐकून ती म्हणाली, "हे मयत-मयत काय लावलंय? त्या कागदात आरोपी म्हणून नाव लिवलं ना पूर्ण? मंग हितंबी पूर्ण लिवा." आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. वर्षभर हिंडलो, कचेऱ्यांत पन्नास वेळा विचारलं गेलं, दर वेळी ती माझ्याकडे बघायची आणि मी सांगायचो. आता मी पेन हातात घेऊन थांबलो, तर तिनं मुलीला जवळ ओढलं आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं, "लिवा. गजानन बापूराव. चूक न्हाई."